"ताई, आत मायाच नाही. सोडू काय?"

आज संध्याकाळी धाकट्याची शाळेची पँट घेऊन कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्या काकांकडे गेले होते. जूनमध्येच घेतलेली पँट. दिवाळीनंतर पोरगा असा काही उंच झालाय की घोटे उघडे पडायला लागले. म्हटलं, खालून दोन बोटं सोडून घेऊ, कमरेला जरा सैल करू, मार्चपर्यंत निघेल. काकांनी पँट उलटी केली, मशीनच्या दिव्याखाली धरली, शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, आत मायाच नाही. सोडू काय?"

शिवणकामाशी संबंध न आलेल्यांसाठी सांगते. कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. या पँटला ती नाहीच. शिवणीला चिकटून कापड कापलंय आणि ओव्हरलॉक मारून मोकळे झालेत. खाली जेमतेम अर्ध्या इंचाची दुमड. बाकी पँट धडधाकट आहे हो! गुडघा झिजलेला नाही, चेन व्यवस्थित चालते, रंगही तसाच आहे. तरी सहा महिन्यांत बाद! आणि ही पँट काही मी स्वस्तात मिळाली म्हणून उचललेली नाही. शाळेने ठरवून दिलेल्या एकाच दुकानातून, ते म्हणतील त्या किमतीला घेतलेली आहे. दुसरीकडून शिवून घेतलेली चालत नाही म्हणे, रंगात फरक पडतो.

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

कराडला शाळेत असताना माझा एक निळा स्कर्ट होता. आई तो 'वाढत्या अंगाचा' शिवून घ्यायची, म्हणजे खाली चांगली चार बोटं दुमड. दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री ती दारातल्या दिव्याखाली ब्लेड घेऊन बसायची आणि एकेक टाका उसवायची. दुमड उघडली की आत साचलेल्या धुळीची आणि सुताची बारीक वात निघायची, ती चिमटीत धरून बाहेर फुंकायची. आतलं कापड गडद निळं, बाहेरचं उन्हाने विटलेलं. त्यामुळे स्कर्टच्या खालच्या बाजूला दरवर्षी एक नवा पट्टा दिसायचा. सातवीत माझ्या स्कर्टला असे तीन पट्टे होते. वर्गातल्या मुली हसायच्या. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

पण तो स्कर्ट मी तीन वर्षं घातला, माझ्यानंतर मामेबहिणीने दोन वर्षं घातला आणि शेवटी त्याची दळणाची पिशवी झाली. एक स्कर्ट! आणि आज माझ्या घरात पोरगा सहा महिन्यांत एका पँटमधून बाहेर, ती पँट कुणाला द्यायची म्हटलं तर तिच्यावर शाळेचं नाव छापलेलं.

गेल्या पाडव्यापासून घरातल्या कपड्यांची खरेदी कमी करायचा माझा प्रयत्न चाललाय, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. सोसायटीतल्या आम्ही सात-आठ जणी मुलांचे कपडे एकमेकींना देतो. धाकट्याचं निम्मं कपाट त्यातून भरलंय आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. रफू करून घेते, बटणं लावते. नवीन घ्यायचंच झालं तर आधी कपडा उलटा करून शिवण बघते, मग किंमत. दुकानातली मुलं माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

मोठीशी मात्र रोजची चकमक. तीनशे एकोणपन्नासचा टॉप, दोन दिवसांत घरपोच, प्लास्टिकच्या पिशवीत प्लास्टिकची पिशवी. तीन धुण्यांत त्याच्यावर गोळे येतात. मागच्या महिन्यात जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बोहारणीला हाक मारली, तर तिने एकेक कपडा हातात घेऊन बाजूला टाकला. "सुती साडी हाय का? जीन हाय का? ह्ये नको ताई, ह्येचं फडकं बी व्हत न्हाई." खरंच आहे तिचं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पुसायला घेतलं तर पाणी नुसतं इकडून तिकडे सरकतं. ज्याचं फडकंसुद्धा होत नाही, ज्याची गोधडी होत नाही, जे मातीत कुजत नाही, ते आपण लेकरांच्या अंगावर घालतोय आणि वर्षाच्या आत कचऱ्यात टाकतोय.

आणि स्वस्त स्वस्त म्हणजे कुणाच्या जिवावर स्वस्त? माझं सासर यवतमाळचं, दीर कापूस लावतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, तोही मिळाला तर. एक क्विंटल कापसातून सरकी काढली की रुई निघते साधारण ३४-३५ किलो. दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टला, सूत काढताना आणि कापताना वाया जातं ते धरून, लागतो सातशे-आठशे ग्रॅम कापूस. म्हणजे पेरणीपासून वेचणीपर्यंत राबणाऱ्या घराला एका टी-शर्टामागे साठ-पासष्ट रुपयेच. फवारणी, मजुरी, खत सगळं त्यातच. मावशी इचलकरंजीला असते, तिला विचारा कापड रंगवल्यावरचं पाणी पंचगंगेत गेलं की नदीचं काय होतं ते. आणि ढाक्याजवळची कपड्यांच्या कारखान्यांची ती इमारत, राणा प्लाझा, विसरलात का? २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या, तरी शिवणाऱ्या बायका-पोरींना कामावर बोलावलं. इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. शिवणीतली दोन बोटं माया वाचवायची सवय लागली की माणूस कुठवर जातो बघा.

बरं, दुसऱ्या टोकाला ते 'पर्यावरणपूरक' कुर्ते, अठ्ठावीसशे रुपयांना एक. मातकट रंग, खाली नारळाच्या करवंटीचं बटण. हातमागाचं मोल मला कळतं, विणणाऱ्याला चार पैसे मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौघांच्या घरात महिन्याचा किराणा आणि फी भागवणाऱ्या बाईने असे कुर्ते किती घ्यायचे? नाही घेतले की पृथ्वीचं वाटोळं करणारी तीच! कापड घाईने कापणाऱ्याला कुणी विचारत नाही, दरवर्षी गणवेशाचा पट्टा बदलणाऱ्या शाळेला कुणी विचारत नाही.

मान्य आहे, शिंप्याकडून शिवणं आता महाग पडतं आणि नोकरी करून चार फेऱ्या मारायला सगळ्यांना जमत नाही.

मघाशी आईला फोन केला. म्हटलं, तू किती विचार करायचीस गं, स्कर्टला चार-चार बोटं दुमड ठेवायचीस. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "विचार कसला बाई. पैसेच नव्हते. तुला नवा स्कर्ट घ्यावा असं दर जूनला वाटायचं. ते पट्टे दिसू नयेत म्हणून एकदा निळी शाई पाण्यात कालवून स्कर्ट बुडवला होता, आठवतंय? डाग पडले नुसते."

मला नाही आठवत. तीन पट्टे आठवतात, मुलींचं हसणं आठवतं. आई रात्री बादलीत शाई कालवत बसली होती हे मला पन्नाशीला आल्यावर आज कळलं. त्या स्कर्टचं इतकं कौतुक मी इथे लिहून बसले आणि तिला तो अजून टोचतोय. वरचं सगळं पुसून टाकावं असं क्षणभर वाटलं, पण राहू दे. तिला नाइलाजाने जे करावं लागलं ते मला पैसे हातात असताना करायचंय, आणि मुलाला त्याची लाज वाटणार नाही अशा रीतीने करायचंय. हे दोन्ही एकदम जमवणं मला वाटलं होतं तेवढं सोपं नाही.

काकांनी तोडगा काढलाय. त्यांच्याकडच्या कात्रणांत जवळपास त्याच रंगाचा तुकडा सापडला, तो खाली जोडून देतायत, कमरेला मागे एक पाचर. चाळीस रुपये. धाकट्याला विचारलं, चालेल का रे? म्हणाला, "बुटात जाईल ना? मग चालेल." शाळेने काही म्हटलं तर मी स्वतः जाऊन बोलणार आहे, आणि पालकसभेत गणवेशाच्या आत किमान दोन इंच माया पाहिजे हे लेखी मागणार आहे. आपल्या शाळेतले जे कुणी पालक हे वाचत असतील त्यांनी कृपया सोबत या, एकटीचं कुणी ऐकत नाही.

आणि हो, धाकट्याचे मागच्या वर्षीचे दोन शर्ट आहेत, २८ नंबर, कॉलर चांगली आहे, एका खिशाची शिवण मी परत घातलीये. कुणाला हवे असतील तर सांगा, धुऊन इस्त्री करून ठेवलेत.