सुहासला केटी लागली

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी म्हणजे आमचा कट्टा. वालचंद कॉलेजची पोरं नोट्स काढायला येतील म्हणून सांगलीच्या विश्रामबागेत दुकान काढलं. पोरं पीडीएफ मोबाईलवरच वाचायला लागली. आता आतल्यापेक्षा पायरीवर गर्दी जास्त असते, आणि पायरीवरचं गिऱ्हाईक कधी रोख देत नाही.

परवा संध्याकाळी सुहास आला नि म्हणाला, "चौदा पानं आहेत, मार प्रिंट." हा माणूस कधी कागद काढत नाही. पुण्याच्या कंपनीचं काम साडेचार वर्षं घराच्या माडीवर बसून करतोय. मी म्हटलं, "घराचं कर्ज काय?" तर म्हणाला, "नाही लगा, नोकरीचंच आहे. स्क्रीनवर वाचलं की समजल्यासारखं वाटतं फक्त."

त्याची कंपनी अमेरिकावाल्यांनी घेतली हे आम्हाला दिवाळीपासून पाठ आहे, ते परत सांगत बसत नाही.

कागद गरम गरम बाहेर येईस्तोवर पायरी भरली. अण्णा होते, मार्केट यार्डातनं हळदीचे पिवळे हात घेऊन आलेला पिंटू होता, आणि प्रशांत. अण्णा सांगली बँकेतले. बँक १९१६ ची, २००७ ला आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. आदल्या वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली तेव्हा आपण सातारकरांना हसलो होतो, हे अण्णा स्वतःच सांगतात. प्रशांत म्युच्युअल फंड विकतो. त्याच्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते तासाला थरथरतं आणि प्रशांत बोलता बोलता उभा राहतो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतो. पिंटू म्हणतो, बायकोनं.

"आधी अभिनंदन!" प्रशांत म्हणाला. "ॲक्विझिशन म्हणजे बेसिकली ऑपॉर्च्युनिटी. ग्लोबल ब्रँड लागला. सीव्ही वाढला तुझा."

"सीव्ही वाढला, टीम घटली," सुहास म्हणाला. "पहिल्या दिवशी टाउन हॉल घेतला, म्हणजे सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग. तिकडं साहेबाची सकाळची कॉफी, इकडं आमचे रात्रीचे साडेनऊ. म्हणाला, तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही. तीनदा म्हणाला."

"तिथंच ओळखायचं," अण्णा म्हणाले. "काउंटरला एखादा तीनदा म्हणाला ना, मोजलेत हो, बरोबर आहेत, की मी बंडल सोडून पहिल्या नोटेपासून मोजायचो."

सुहासचं म्हणणं असं की पगार, खुर्ची, लॅपटॉप हे बदलतं त्याचं काही नाही. त्यांचं हॉस्पिटलच्या बिलांचं सॉफ्टवेअर आहे. त्यात एक नियम आहे: आयसीयूचा दिवस रात्री बाराला न बदलता सकाळी सहाला बदलतो. का, ते त्याच्या मॅनेजरनं कधीतरी स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, सविस्तर लिहून ठेवलं होतं. नवे मालक टीम्स नावाचं दुसरं चॅट वापरतात, म्हणून एका शनिवारी स्लॅक बंद. आठ वर्षांचं लिखाण गेलं. पुढच्या महिन्यात मॅनेजरही गेला.

"त्याच्याशी टीम्सवर दोन-चार आठवडे बोललो होतो, ते तेवढं दिसतं अजून. पण नाव नाही. नावाच्या जागी 'अननोन युजर'. ज्यानं मला कामाला घेतलं, तो अननोन."

यावर कोणी काही बोललं नाही. पिंटूनं भडंगाचा पुडा सोडला.

"हे सगळीकडं असतं," प्रशांतनं शांतता मोडली. त्याला शांतता सोसत नाही. "मस्कनं २०२२ ला ट्विटर घेतलं. निम्मी माणसं काढली. बंद पडलं का?"

"काढली, आणि त्यातल्याच काहींना लगेच परत या म्हणून फोन केले, ते सांग की," सुहास म्हणाला. "आणि सगळे काढूनच जातात असंही नाही. ओरॅकलनं सन नावाची कंपनी घेतली २०१० च्या जानेवारीत. जावा करणारा गॉस्लिंग एप्रिलात राजीनामा देऊन मोकळा."

"जावा म्हणजे ती मोटरसायकल?" पिंटूनं विचारलं. "आमच्या आबांकडं होती. किक उलटी बसली की पाय आठवडाभर सुजायचा."

सुहासची जावा म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, पण मग पाचेक मिनिटं जावा आणि येझदी मोटरसायकलींवर गेली. ती इथं लिहीत नाही, पण आबांच्या पायाची गोष्ट दर वेळी एका आठवड्यानं वाढते.

मीही तोंड घातलं. माझा मावसभाऊ नवी मुंबईत एकाच खुर्चीवर बसून तीन कंपन्यांत नोकरी करून आला. आधी पटनी, २०११ ला आयगेट, २०१५ ला कॅपजेमिनी. त्यात आयगेट तर पटनीपेक्षा लहान, म्हणजे बोंबलानं सुरमई गिळली. मावशी अजून स्थळांना "पटनीत आहे" म्हणूनच सांगते.

"आता काय काम चाललंय मग?" अण्णांनी सुहासला विचारलं.

"काम नाही, केटी चाललीय. नॉलेज ट्रान्स्फर. मी जे जे करतो ते हैदराबादच्या दोघांना दाखवायचं, त्याचं रेकॉर्डिंग करायचं. रोज दोन तास."

"म्हणजे तुला काढायच्या आधी तुझ्याकडनंच तुझी कॅसेट भरून घ्यायलेत," पिंटू म्हणाला.

अण्णांनी चष्मा पुसला. "आमच्यात केटी लागली की पोरगं नापास व्हायचं. पण ऑक्टोबरात परत बसता यायचं. ह्यांच्यात केटी लागली की पोरगं बाहेर."

प्रशांत सोडून सगळे हसले. प्रशांतला तीन केट्या होत्या.

"निगेटिव्ह बघू नका," तो म्हणाला. "रिटेन्शन बोनस दिलाय की नाही? दोन महिन्यांचा पगार! व्हॅल्यू आहे म्हणूनच ना?"

"दिलाय. वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा."

"आधी पैसे हातात, मग हंगाम संपेस्तोवर जागचं हलायचं नाही," अण्णा म्हणाले. "ह्याला आपल्याकडं उचल म्हणतात. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो ती. तुझ्या हातात कोयता नाही, एवढाच फरक."

"काहीही काय अण्णा! एसीत बसणारा माणूस आणि ऊसतोड कामगार!" एवढ्यात घड्याळ थरथरलं आणि प्रशांत उभा राहिला. वाक्याला उगीच वजन आलं.

"टोळीला निदान ठाऊक असतं की ही उचल आहे," अण्णा म्हणाले. "आण ते कागद."

अण्णांनी वरची पानं बघितलीच नाहीत. पगाराचा तक्ता सुहास बोट लावून दाखवत होता, त्याचं बोट बाजूला केलं. युनियनमधल्या एका जुन्या माणसानं त्यांना शिकवलंय म्हणे: विलीनीकरणाचा कागद आला की आकडा शेवटी वाचायचा, आधी तारीख शोधायची. पान सहावर सापडली.

"जॉइनिंग डेट, एक एप्रिल. हे काय?"

"नव्या कंपनीत त्या दिवशी जाणार ना आम्ही."

"आणि जुनीचा?"

"राजीनामा. पान दोनवर आहे, फॉरमॅट दिलाय त्यांनीच. सोमवारपर्यंत सही करायचीय."

"नुसते शेअर विकले असते तर कंपनी तीच राहिली असती, मालक बदलला एवढंच. इथं तुला एका घरातनं राजीनामा द्यायला लावून दुसऱ्या घरात नवा पोरगा म्हणून घ्यायलेत. बघ, सहा महिने प्रोबेशनपण आहे. किती वर्षं झाली तुला?"

"चार वर्षं पाच महिने."

"ग्रॅच्युइटीला सलग पाच लागतात. बेसिक किती?"

"बावन्न हजार."

अण्णांनी माझ्या काउंटरवरचं पेन घेतलं आणि पान सहाच्या पाठीवर मांडलं: बावन्न हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, तीस हजार. पाच वर्षांचे दीड लाख. मग एक एप्रिलवर गोल केला आणि दीड लाखावर फुली मारली.

"सात महिने थांबलास तर हे तुझे. ह्या तारखेवर सही केलीस तर घड्याळ शून्यावर, परत पाच वर्षं."

सुहास कागदाकडं बघत राहिला. "पण पीएफ ट्रान्स्फर होणार म्हणाली एचआर."

"होणारच. पीएफला यूएएन नंबर असतो, तो शेपटीगत मागनं येतो. ग्रॅच्युइटीला शेपूट नाही."

आणि इथं पिंटू, जो एरवी जावा मोटरसायकलच्या पुढं जात नाही, तो बोलला. "आमच्या हमालाचं बरंय मग. आज माझ्या अडतीवर, उद्या शेजारच्या. पण त्याची मजुरी, लेव्ही आम्ही भरणार माथाडी बोर्डात. मी अडत विकली तरी त्याचं खातं तिथंच. त्याला कोण म्हणत नाही, तू आजपासनं नवीन."

"तो कायदा १९६९ चा," अण्णा म्हणाले. "त्यासाठी माणसं रस्त्यावर बसली होती. ही पोरं माडीवर बसलीत."

सुहास इंजिनिअर झाला तेव्हा आख्ख्या गल्लीला पेढे होते. पिंटू बारावीतनं अडतीवर बसला तेव्हा त्याच्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती. हे मला उगाच आठवलं.

"मग करू काय?" सुहास म्हणाला.

"एक ओळ मागायची. आधीची सेवा सलग धरली जाईल, ग्रॅच्युइटी आणि रजेसकट. मेलवर मागायची, फोनवर नाही. फोनवर गोड बोलतात."

"अरे, दीड लाखासाठी ग्लोबल कंपनीशी पंगा?" प्रशांतला राहवेना. "पाच हजाराची एसआयपी लाव, तेवढे असेच होतात. तारखेला काय एवढं धरून बसायचं? बेसिकली नवी सुरुवात म्हणायची!"

अण्णांनी चष्म्यावरनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मंडळाचं पावतीपुस्तक आहे का रे तुझ्याकडं?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी खाली वाकून ड्रॉवर उघडला. हसू लपवायला तीच एक जागा होती.

वरच्या गल्लीचं गणपती मंडळ अण्णांच्या लग्नाआधीचं. खालच्या गल्लीचं प्रशांतनं काढलेलं. पोरं पुण्याला गेली, ढोल उचलायला कोणी उरेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी दोन्ही एक केली. पावतीपुस्तक माझ्याच दुकानात छापलं, प्रूफ प्रशांतनं तपासलं. अण्णांनी ते उजेडात धरून मोठ्यानं वाचलं:

"वर्ष पहिले. संस्थापक अध्यक्ष, प्रशांत."

"ते... ते प्रिंटिंग मिस्टेक होती!"

"माझ्यावर ढकलू नको," मी म्हटलं. "वर्ष सत्तेचाळिसावं टाकलं होतं मी. तू खोडलंस. खोडलेलं प्रूफपण आहे, दाखवू?"

"आणि आमच्या मंडळाचे चार ढोल कुठायत?" पिंटू उठलाच. "तीन वर्षं झाली! तुझ्या माळ्यावर आहेत म्हणे!"

"ते सिनर्जीत गेले," सुहास म्हणाला. दिवाळीनंतर पहिल्यांदा तो असा हसला, भडंगाचा शेंगदाणा घशात अडकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"विषय काय, तुम्ही नेलाय कुठं," असं प्रशांत म्हणत होता, तेवढ्यात घड्याळ परत थरथरलं. तो उभा राहिला आणि तसाच गाडीकडं गेला. चहाचे पैसे त्याच्याकडं होते.

सुहासनं चौदा पानं घडी घालून मागच्या खिशात कोंबली. पान सहावर अण्णांच्या कपाचा गोल उमटला होता, एप्रिलच्या शेजारीच. दोन रुपयानं अठ्ठावीस रुपये झाले होते. मी काही बोललो नाही, वहीत लिहून ठेवलेत.