खुलासा: बंदूक खांद्यापासून सुटी धरू नका

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक सल्ला फिरतोय: जड काडतुसाची रायफल खांद्यापासून बोटभर दूर धरा, गोळी सुटतानाचा धक्का हवेतच जिरतो. हे साफ चूक आहे. त्या बोटभर फटीत बंदूक वेग घेते आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, हाडावर आदळतो. छऱ्यांच्या बाराबोर बंदुकीलाही हेच लागू. दस्ता खांद्याच्या आतल्या मांसल खळग्यात घट्ट बसवा, गाल टेकवा, अंग किंचित पुढे झुकवा. रायफलीवर बसवलेली नेमाची दुर्बीण डोळ्यापासून निदान ३ इंच लांब हवी. जवळ असली तर भुवई फुटलीच म्हणून समजा! सारख्या वजनाच्या रायफलीत .३७५ मॅग्नम या जड काडतुसाचा धक्का त्याहून हलक्या .३०-०६ काडतुसाच्या जवळपास दुप्पट बसतो, तेव्हा सुरुवात हलक्या काडतुसाने, तीही नेमबाजीच्या रेंजवरच. आणि शेतराखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे.