मासुओ इकेदा आणि भाराभर चिंध्या

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण घरात इतक्यांदा ऐकली आहे की चित्र बाजूला ठेवून चार ओळी लिहायला बसले तरी अपराधी वाटतं. म्हणून मला मासुओ इकेदा हा जपानी कलाकार जवळचा वाटतो. मुद्राचित्रकार (म्हणजे पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापणारा), कादंबरीकार, चित्रपट दिग्दर्शक आणि शेवटी कुंभारकाम.

जन्म 1934चा, चीनच्या ईशान्येकडल्या मांचुरियातला, वाढला जपानमधल्या नागानोत. टोकियोच्या कला विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत तीनदा नापास! मग 1960च्या टोकियो आंतरराष्ट्रीय मुद्राचित्र बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, विल ग्रोमन या जर्मन समीक्षकाने त्याला उचलून धरलं आणि बक्षीस मिळालं. 1965ला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एकल प्रदर्शन, 1966ला व्हेनिस बिएनालेत मुद्राचित्रांचा सर्वोच्च पुरस्कार.

त्याचं आवडतं माध्यम ड्रायपॉइंट. यात रेघा कोरायला ॲसिड नाही. सुईने थेट तांब्याचा पत्रा खरवडायचा. रेघेच्या कडेला धातूची बारीक कुसं उठतात, त्यांत शाई अडकते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी उतरते. पण प्रेसखालून थोड्या प्रती गेल्या की कुसं दबतात, रेघ फिकी पडते. दुरुस्ती जवळजवळ अशक्य. इकेदाची रेघ पोरानं भिंतीवर ओढल्यासारखी वाटते. तशी ओढून बघा एकदा, म्हणजे कळेल. रंगीत छाप हवा तर वेगवेगळे पत्रे एकाच कागदावर, एकावर एक.

आता कादंबरी. 1977ला 'एजियन समुद्रास अर्पण' या अर्थाच्या नावाच्या लेखनाला अकुतागावा पारितोषिक मिळालं, जपानमधला नवोदित साहित्यिकांचा मोठा मान. सान फ्रान्सिस्कोत एक जपानी शिल्पकार टोकियोहून आलेला बायकोचा लांबलचक फोन ऐकतोय आणि समोर नग्न स्त्री. कानात एक जग, डोळ्यांपुढे दुसरं. मला हे सरळसरळ दोन पत्र्यांचं मुद्राचित्र वाटतं, एकाच कागदावर छापलेलं. लेखनाच्या टेबलाशी बसला तरी हाताला सवय प्रेसचीच. मग याला चिंध्या कसं म्हणायचं? 1979ला त्यावर चित्रपटही त्यानेच दिग्दर्शित केला.

किंमत मोजावी लागलीच. पारितोषिकानंतर तो टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा झाला. माझ्या मते त्या प्रसिद्धीने सगळ्यात मोठा अन्याय केला तो साठच्या दशकातल्या छापांवर. बहुधा त्याची त्याला फार फिकीर नव्हती, कारण उतारवयात हा गडी मातीत हात घालून बसला. 'प्रज्ञापारमिता हृदयसूत्रा'वर, म्हणजे मूळ आपल्याकडच्या संस्कृत बौद्ध सूत्रावर, त्याने सिरॅमिकची मालिका केली.

1997 साली आतामीत तो गेला. त्याच वर्षी नागानोतल्या मात्सुशिरोला त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. 2017 साली तेही बंद झालं.