ग्रीक काढून टाका म्हणे!

आज उपासनेहून घरी आले ती डोकं तापवूनच. पाहुणे पाळक होते. पाऊण तास संदेश, आणि सूर एकच: ख्रिस्ती विश्वासात ग्रीकांनी भेसळ केली, ती काढा, शुद्ध यहुदी मुळाकडे परत चला. मागून कुणीतरी मोठ्ठं आमेन म्हटलं. मी गप्प बसले. आता इथे ओकतेय.

काय काय काढणार? नवा करार लिहिलाच ग्रीकमध्ये. प्रेषित पौल अथेन्सला अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा राहून 'आपण वास्तविक त्याचा वंश आहोत' म्हणतो, ती ओळ अराटस नावाच्या ग्रीक कवीची. फाडायचा का प्रेषितांची कृत्येचा 17वा अध्याय?

माझ्याकडे आजोबांचं पवित्र शास्त्र आहे. मास्तर माणूस, वह्या तपासून तपासून हात असा वळलेला की शास्त्रावरही पेन्सिल चालायची. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच वचन, 'प्रारंभी शब्द होता', याच्या समासात त्यांनी लिहिलंय: 'कोणता शब्द?' लहानपणी वाटायचं, आजोबांना उत्तर आलं नाही.

मूळ ग्रीकमध्ये हा 'शब्द' म्हणजे 'लोगोस'. उत्तरासाठी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला जावं लागतं. तिथले यहुदी ग्रीक बोलायला लागले होते, म्हणून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच त्यांचं शास्त्र ग्रीकमध्ये यायला लागलं. (पुण्यातली नातवंडं मराठी शुभेच्छापत्र आजीकडून वाचून घेतात ना? तसंच.) तिथलाच फायलो हा विचारवंत, येशूच्याच काळातला, पक्का यहुदी. ग्रीकांचा 'लोगोस', म्हणजे विश्व चालवणारी बुद्धी, आणि उत्पत्तीच्या पुस्तकातलं 'देव बोलला', यांची सांगड त्याने घातली. पहिली चर्च उभी राहायच्या आधी या दोन गोष्टी एका घरात नांदत होत्या. मग हे शुद्ध मूळ आणणार कुठून?

आणि असले सफाईवाले आजचे नाहीत. दुसऱ्या शतकातला मार्सियन नावाचा शिक्षक उलटं म्हणत होता, यहुद्यांचा देव आणि जुना करार दोन्ही टाका. साधारण 144 साली रोमच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. टर्टुलियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने विचारलं, अथेन्सचा यरुशलेमशी संबंध काय? आणि स्वतः आत्म्याविषयी लिहिताना स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांचंच बोट धरलं! दुसऱ्या शतकातला जस्टिन तर ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालून हिंडायचा. रोममध्ये ख्रिस्तासाठी मेला तो. त्याला भेसळ म्हणून दाखवा माझ्यासमोर.

हो, मान्य. प्लेटोच्या नादाने शरीराला तुच्छ मानायची खोड लागली. निकियाच्या धर्मपरिषदेत 325 साली विश्वासपत्रात घातलेला 'होमोऊसिओस' (पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे) हा शब्द शास्त्रात कुठेच नाही, तेही मान्य. झालं?

चहा घेऊन परत लिहायला बसले. जरा निवळलेय. खरं सांगायचं तर येशू यहुदी होता एवढी आठवण तरी पाळकांनी करून दिली. मंडळी ते शतकानुशतकं विसरली, आणि विसरून यहुद्यांशी कशी वागली ते वाचवत नाही.

पुन्हा आजोबांचं पान उघडलं. चौदाव्या वचनात, 'शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली', यातल्या 'वस्ती केली'खाली दोन रेघा आणि बाजूला एकच शब्द: 'तंबू'. मूळ ग्रीक क्रियापद खरंच तंबू ठोकण्याचं आहे. निर्गमच्या पुस्तकातला निवासमंडप, रानातला देवाचा तंबू! चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन म्हणतो, प्लेटोवाद्यांच्या पुस्तकांत मला आरंभीचा शब्द सापडला, पण शब्द देही झाला हे सापडलं नाही. म्हणजे पहिल्या वचनात ग्रीक बुद्धी, चौदाव्यात रानातला यहुदी तंबू. एकाच पानावर. आणि आजोबांना ग्रीक येत नव्हतं, बरं का.

पाळक पुढच्या रविवारी नसतील. त्यांना पानाचा फोटो पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात.