‘तीन सिटिंग, पैसे गेले, कंबर तशीच’ या अभिप्रायाला मालवणहून उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत: चतुर्थीला गावी आल्यावर चार दिवसांत तीनदा माझ्याकडे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावून घेतल्या, त्या दिवशी बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा धरायची. पाठीवर काळानिळा डाग उठला. एमआरआय न बघता सुया लावल्या. एकाच्या सुया दुसऱ्याला लावत असतील तर देव जाणे. शेवटी तिसऱ्या सिटिंगच्याच रात्री गाडी चालवत मुंबईला परतलात, आणि हे सगळं थोतांड आहे.

तुमच्या केसपेपरवर काय आहे ते इथे चारचौघांत लिहिणार नाही. तुम्हीच जे लिहिलंत तेवढ्यापुरतं बोलते.

सुयांचं आधी, कारण ते वाचून भलताच कोणी घाबरेल. सुई सीलबंद पाकिटातून येते, पाकीट पेशंटसमोर फोडतो, वापरलेली सुई टेबलाजवळच्या जाड पांढऱ्या डब्यात जाते आणि तो डबा बायोमेडिकल कचऱ्यात. कोणीही येऊन बघावं. डागाचं म्हणाल तर सुई बारीक असली तरी कातडीखालची एखादी छोटी रक्तवाहिनी दुखावते. आठवडाभरात डाग जिरतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे आम्ही म्हणूनच आधी विचारतो.

एमआरआय प्रत्येक कंबरदुखीला लागत नाही. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयतही मणक्यातली चकती सरकलेली दिसते. त्याआधी प्रश्न महत्त्वाचे: पडलात का, ताप येतो का, वजन उतरलंय का, पायात ताकद आहे का. यातलं काही निघालं तर मी सुईला हातही लावत नाही, पेशंटला पुढे पाठवते.

आता मुद्द्याचं. तीन सिटिंगमध्ये दुखणं परत येणं हे नेहमीचंच आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2007 मध्ये छापून आला. तिथे आठवड्याला साधारण दोन अशी दहा सिटिंग दिली होती. सहा महिन्यांनी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्या 47.6 टक्के लोकांना चांगला फरक होता, तर औषधं, फिजिओ, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांत 27.4 टक्क्यांना. त्यातली आमच्या धंद्याला अडचणीची गोष्टही सांगते. भलत्याच जागी, वरवर सुया लावलेल्या गटातही 44.2 टक्क्यांना फरक पडला होता! म्हणून नेमक्या बिंदूंबद्दल मी छातीठोक बोलत नाही. गुडघ्यामागचा बिंदू कंबरेसाठी घेते, कारण तसं शिकले आणि गुण येताना बघते. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 मध्ये गोळ्यांच्या आधी करून बघायच्या उपायांत ते घेतलं. मोठ्यांचंच एकमत नाही, तेव्हा तुम्हाला पटलं नाही यात राग कसला? पण थोतांड म्हणाल तर, ‘खात्रीने बरं करतो’ असा बोर्ड माझ्या दारावर नाही.

सुयांनी दुखणं उतरलं की तेवढ्या वेळात कंबर हलवून घ्यायची, चालायचं, स्नायू मोकळे करायचे. माझ्याकडे रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढणारे येतात, स्कूबाच्या टाक्या उचलणारी पोरं येतात. त्यांच्याशी माझं अर्धं बोलणं वाकायचं कसं, ओझं अंगाजवळ धरायचं कसं, यावरच चालतं. तुम्ही तिसरं सिटिंग घेऊन रात्रभर स्टिअरिंगवर बसलात, तेही आपल्या हायवेवर. एवढं बसणं धडधाकट कंबरेलाही झेपत नाही, सुया तिथे काय करणार?

पैशांबद्दल: मी पॅकेज विकत नाही, सिटिंगगणिक घेते, त्यामुळे तुमचे आगाऊ काही अडकलेले नाहीत. झालेल्या सिटिंगचे परत देणार नाही. चतुर्थीत बाहेर रांग असते, त्याला इलाज नाही.

पुढे सुया घ्यायच्याच असतील तर मुंबईत घ्या, म्हणजे सलग होतील. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, परिषद आहे. समोरच्याची नोंदणी आहे का ते विचारा. नको असतील तर चांगला फिजिओ बघा आणि रोज चाला. मात्र जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा वाटला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर सुया नाहीत, मला फोनही नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

केसपेपरची प्रत तयार ठेवली आहे. गावातलं कोणीही तुमची चिठ्ठी घेऊन आलं की देईन.