दिवाळखोरी निघाली, गटार तसंच राहिलं

"महापालिका बुडत नसते रे," अण्णा म्हणाले, आणि शनिवारी अशोकस्तंभाजवळचा आमचा कट्टा पेटला.

विषय निघाला होता नाशिक महापालिकेने गोदावरीसाठी काढलेल्या बॉण्डचा, म्हणजे कर्जरोख्यांचा. अण्णा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. १९९९ मध्येही नाशिकने पाणी आणि ड्रेनेजसाठी १०० कोटींचे बॉण्ड काढले होते, तेव्हा त्यांना यात नवल नव्हतं. बापूंना होतं. त्यांचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथल्या लॉस ओसोस गावाची स्थानिक संस्था ऑगस्ट २००६ मध्ये खरोखर दिवाळखोरीत गेली, तीही गटारापायी.

समुद्रकाठचं, चौदा-पंधरा हजार वस्तीचं गाव. घरोघरी सेप्टिक टँक. खालच्या रेताड जमिनीतून मैलापाणी झिरपून भूजलात नायट्रेट वाढलं. १९८३ मध्ये राज्याच्या पाणी मंडळाने सेप्टिक टँकवर बंदी आणली, १९८८ पासून नवी बांधकामं थांबली. मग १९९८ मध्ये लोकांनी मतदान करून गटाराचं काम करायला स्वतःची संस्था काढली. तिला सरकारकडून तेरा-साडेतेरा कोटी डॉलरचं कर्जही मिळालं. २००५ मध्ये काम सुरू झालं, पण शुद्धीकरण केंद्र गावाच्या मधोमध! सप्टेंबरात लोकांनी निसटत्या मतांनी तीन संचालकांना घरी पाठवलं. नव्या मंडळाने काम थांबवलं, सरकारने कर्ज रोखलं, ठेकेदार कोर्टात गेले, वर दंड बसला. वर्षभरात संस्था कोर्टाच्या दारात.

"बरोबरच केलं त्यांनी," ताई म्हणाल्या. त्यांचं माहेर अशाच एका केंद्राच्या शेजारी. "संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लावून जेवायचो आम्ही. नकाशावर जागा दाखवणारे राहतात का तिथे?"

"अहो, पण रस्ते खोदून ठेवलेत, पैसा हातात आलाय, अशा वेळी काम थांबवायचं नसतं," अण्णा तापले. "जागेचं भांडण निविदेच्या आधी भांडायचं."

"आधी ऐकतं कोण?"

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं खरी गाठ इथेच आहे. कारण पुढे राज्याने कायदा करून ते काम काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे दिलं, आणि केंद्र अखेर गावाबाहेरच बांधलं गेलं. म्हणजे लोकांची मागणी खोटी नव्हती. पण ते सुरू व्हायला २०१६ उजाडलं आणि खर्च अठरा कोटी डॉलरच्या घरात गेला. २००७ मध्ये त्याच गावच्या घरमालकांनी मोठ्या बहुमताने स्वतःवर आकारणी मंजूर केली होती. दोन वर्षांपूर्वी काम थांबवणाऱ्या गावाने!

बापूंनी दिवाळखोरीचा कायदा समजावला. तिथे संस्थेचा लिलाव होत नाही. पैसे वसूल करायला आलेल्यांना कोर्ट थांबवतं, तडजोड ठरते, संस्था चालू राहते. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत महापालिकेसाठी असं प्रकरणच नाही. इथे फार तर सरकार प्रशासक बसवेल.

पण माझं मन अडकलं ते ४५ घरांपाशी. संस्था बुडाली त्याच वर्षी पाणी मंडळाने हजारो घरांतून ४५ घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि सेप्टिक टँक बंद करण्याच्या नोटिसा दिल्या. गटार नाही, टँकही वापरायचा नाही. शेजारच्या घराला काहीच नाही. त्या गल्लीत दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांशी काय बोलले असतील? कर्जाची तडजोड कोर्ट करून देतं, या शेजाऱ्यांची कोण करणार होतं? ज्यांनी मोकळे भूखंड घेऊन ठेवले होते, त्यांना तर गटार सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षं घर बांधता आलं नाही.

"म्हणून म्हणतो, बॉण्ड काढा, पण आधी वॉर्डात बसा," बापू म्हणाले. "नळाचं पाणी, ड्रेनेजची लाइन, केंद्राची जागा, सगळं लोकांसमोर मांडा. पट्टी किती वाढणार तेही सांगा."

"पट्टी वाढणार म्हटल्यावर कोण बसू देईल?" अण्णा.

"बसू देतील," ताई म्हणाल्या. "आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं."

अण्णा गप्प झाले. मग त्यांनी ताईंना विचारलं, वारा कुठल्या महिन्यात जास्त फिरतो. ताई सांगू लागल्या आणि अण्णांनी खिशातली डायरी काढली.