निळी पाटी लागली म्हणजे गाव उठलं?

पावसाळा तोंडावर आला की जुन्नर तालुक्यातल्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. सार असं: लेणी, किल्ला किंवा मंदिर 'संरक्षित' झालं, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागली, की 300 मीटरच्या आत घराला वीट लावता येत नाही, जमीन सरकारजमा होते, पूजा बंद पडते. जुलै 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला आणि मेसेजला शेपूट फुटलं: आता पायथ्याची घरं उठवणार.

आधी 300 मीटरचं बघू, कारण खरी भीती तिथेच आहे. केंद्राचा स्मारकांचा कायदा 1958 चा, त्यात 2010 साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पहिले 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. म्हणजे 101 व्या मीटरला बंदी नाही, परवानगी लागते. पहिल्या 100 मीटरमध्ये मात्र नवं घर बांधता येत नाही, हे खरं आहे आणि ज्याची जागा त्यात सापडली त्याची तक्रारही खरी आहे. पण 16 जून 1992 च्या आधीपासून उभं असलेलं घर तिथे परवानगीने दुरुस्त करता येतं. सार्वजनिक नळपाणी, वीज, गटार, शौचालय यांची कामं तर कायद्याच्या 'बांधकाम' या व्याख्येतच येत नाहीत. आणि अंतर मोजायचं ते कळसापासून नाही, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. त्याने घर कधी रेषेबाहेर जात नाही, उलट आत येतं. म्हणून अंदाजाने टेप धरू नका.

आमच्या शेजारच्या काकूंच्या घराची मागची मातीची भिंत झुकली होती. मिस्त्री म्हणाला, "हात लावला तर पाडतील." मेसेज त्यानेही वाचला होता. दोन पावसाळे त्या भिंतीला बांबूचे टेकू होते. शेवटी ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या पत्रिकांखाली, 1986 ची घरपट्टीची पावती सापडली. घडीवर फाटलेली, पण साल वाचता येत होतं. घर 1992 च्या आधीचं आहे याचा तोच पुरावा. ती जोडून अर्ज केला. हेलपाटे पडले, वेळ गेला, आणि मंजुरी आली. प्रक्रिया किचकट आहे, मान्य. पण किचकट आणि अशक्य यात दोन पावसाळ्यांचा फरक पडला.

जमीन सरकारजमा? संरक्षणाची घोषणा म्हणजे भूसंपादन नव्हे. स्मारक खासगी मालकीचं असेल तर मालकी तशीच ठेवून देखभालीचा करार करायची सोय कायद्यातच आहे. शिवाय घोषणेआधी सूचना निघते आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. ती सूचना गावात किती जण वाचतात, हा वेगळा प्रश्न.

पूजा बंद पडते म्हणणाऱ्याने एकदा लेण्याद्री चढावा. अष्टविनायकांतला गिरिजात्मज सातव्या क्रमांकाच्या लेण्यात बसलाय, लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, तिकीटही आहे आणि आरतीही. शिवनेरीवर शिवाईची पूजा चालूच आहे. बंदी येते ती कोरीव खांबांना ऑइलपेंट फासण्यावर आणि गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स लावण्यावर. ती येऊ द्या.

शेपटाचं थोडक्यात. युनेस्को कुणाचं घर पाडत नाही. शिवनेरीला जो कायदा आधी लागू होता तोच आजही आहे. त्याच यादीतला राजगड तर केंद्राकडे नाहीच, राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, आणि राज्याचा कायदा वेगळा, 1960 चा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलेत.

उलटा गैरसमजही तितकाच पसरलाय: बारव शंभर वर्षांची झाली म्हणजे आपोआप संरक्षित. तसं नाही. अधिसूचना निघाली नसेल तर केंद्राच्या कायद्याचं संरक्षण तिला नाही.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्यांपेक्षा पाट्याच मागे आहेत. कित्येक जुन्या निळ्या पाट्यांवर अजून स्मारकाची नासधूस केल्यास तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड असंच लिहिलेलं दिसतं. 2010 पासून ती शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. भिंतीवर बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांनी फॉरवर्ड करायला हरकत नाही.